महादेवाची वाट आणि गरम पाण्याचे झरे

श्रावण लागला की नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून सातपुड्यातल्या पचमढीच्या गाड्या सुटतात. तिथली नागद्वारची पायवाट एरवी सातपुडा व्याघ्र प्रकल्पात बंद असते. नागपंचमीच्या सुमाराला ती थोडे दिवस उघडते आणि डोंगरात सगळीकडे वऱ्हाडी-नागपुरी बोली ऐकू येते. भंडारे लावणारी मंडळंही बरीचशी इकडचीच. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिथला चौरागडचा डोंगर चढणाऱ्यांतही विदर्भातले लोक मोठ्या संख्येने असतात.

देव मध्य प्रदेशात आणि भक्त महाराष्ट्रातले, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. पण ही सीमा आहे अगदी अलीकडची. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, ते थेट महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. इंग्रज अधिकारी कॅप्टन फोरसिथ १८६२ मध्ये पचमढीला पोहोचला आणि पुढे साहेबांची कचेरी उन्हाळ्यात तिकडे हलू लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पचमढी पलीकडे राहिली. यात्रेकरूंनी मात्र वाट बदलली नाही.

सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया या रस्त्याने पचमढीकडे निघालं की झिरपा गावाजवळ अनहोनी नावाचं ठिकाण लागतं. गंधकाचा वास असलेलं गरम पाणी इथे जमिनीतून वर येतं आणि थोड्या अंतरावर त्याचा नाला होतो. खरूज, नायटा अशा त्वचारोगांवर हे पाणी चालतं, अशी समजूत जुनी आहे. गंधकाची मलमं त्वचारोगांवर वापरतातच, त्यामुळे ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण डॉक्टर सोडून फक्त झऱ्यावर विसंबणं वेडेपणाच.

मला स्वतःला अधिक ओढ साळबर्डीची. अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. त्याचा काही भाग इकडे, काही बैतूल जिल्ह्यात. डोंगरातल्या गुहेत महादेव आहे. ज्यांना पचमढी झेपत नाही ते शिवरात्रीला इथे येतात, म्हणून हा 'छोटा महादेव'. इथेही गरम पाण्याचा झरा आहे. टाकून दिलेली सीता इथेच राहिली आणि लव-कुश इथेच जन्मले, असं गावकरी सांगतात. महानुभावांना हा डोंगर वेगळ्या कारणाने पवित्र आहे: चक्रधरस्वामींनी इथल्या एकांतात तप केलं, अशी त्यांची परंपरा. त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं रिद्धपूरही मोर्शी तालुक्यातच. म्हणजे एकाच डोंगरावर शैव, महानुभाव आणि रामकथा, तिघांचाही हक्क.

आणखी एक आख्यायिका आहे: साळबर्डीच्या गुहेतून एक भुयार निघतं ते थेट पचमढीच्या महादेवापर्यंत जातं. भुयार काही नाही. तरी या दोन ठिकाणांना जमिनीखालून जोडणारं काहीच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. नर्मदा, शोण आणि तापी यांच्या खोऱ्यांलगत भूकवचातल्या जुन्या भेगांचा एक लांबलचक पट्टा आहे. अनहोनी आणि साळबर्डी दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव आणि छत्तीसगडमधलं तातापानीही. इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या खडकाच्या उष्णतेने तापतं आणि एखाद्या भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या, वाटेने पुन्हा वर येतं. साळबर्डीला तर हा भ्रंश डोळ्यांनाही कळतो, कारण काळ्या बसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या, मुलखात मध्येच त्याहून जुना, गोंडवन काळातला वालुकाश्म उघडा पडलेला आहे. त्याच परिसरातल्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या खडकांत डायनासोरचे अवशेषही सापडले आहेत.

देशातल्या अशा झऱ्यांची एक जुनी मोठी यादी भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांची. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये छापली गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १९९१ च्या भूऔष्णिक (जमिनीतल्या उष्णतेच्या) नकाशासंग्रहात सुमारे ३४० झरे आहेत. तातापानीला तर वीज काढता येईल का हे पाहण्यासाठी विंधण विहिरीही घेतल्या. अनहोनीचं पाणी त्या मानाने कमी गरम.