झिप फाइल सगळीकडे का उघडते? : एका फॉरमॅटची पार्श्वभूमी

ठाण्यात दिवाळी अंकांची कामं घेणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे गणपतीनंतर फाइलींचा पूर येतो. कोणी लेख झिप करून, म्हणजे दाबून लहान करून पाठवतं, कोणी फोटो रार या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये, तर कोणा हौशी लेखकाची फाइल सेव्हन-झिपची निघते. मग दरवर्षीचा प्रश्न येतो : अशा फाइली उघडायला विनरार हा प्रोग्रॅम टाकू, सेव्हन-झिप टाकू, की विंडोजमध्ये आहे तेवढ्यावर भागेल? माझ्या मते सॉफ्टवेअरचा विचार नंतर करावा. फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायची, हे आधी ठरवावं. वीस वर्षांनी ती फाइल उघडेल की नाही, ते त्यावर ठरतं.

फाइल दाबण्यामागचे मूळ विचार दोनच. पहिला १९५२चा. एमआयटीत शिकणाऱ्या डेव्हिड हफमन यांनी रॉबर्ट फॅनो यांच्या वर्गासाठी लिहिलेल्या निबंधातून तो पुढे आला. जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड खूण द्यायची, क्वचित येणाऱ्याला लांब. दुसरा विचार १९७७ साली हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी मांडला. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो परत लिहायचा नाही. ‘इतकं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल’ एवढीच सूचना लिहायची.

एखाद्या सोसायटीच्या वर्षभराच्या इतिवृत्तांची फाइल घ्या. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’, ‘सर्वानुमते मंजूर करण्यात आला’, ‘सूचक’, ‘अनुमोदक’ हे शब्द पानोपानी येतात. ते पहिल्यांदा पूर्ण लिहिले जातात, पुढे नुसता हवाला. युनिकोड मराठीला तर आणखी एक फायदा मिळतो. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो आणि दुसरा दोनच प्रकारचा. मराठी मजकूर कागदोपत्री इंग्रजीपेक्षा जड दिसतो खरा, पण त्यात पुनरावृत्ती इतकी असते की झिप केल्यावर तो झपाट्याने आटतो. जेपीजी फोटो मात्र आधीच दाबलेले असतात. ते झिप केल्याने आकारात फारसा फरक पडत नाही. सगळे एका गाठोड्यात जातात, हीच सोय.

आता झिपच्या जन्माची गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८०च्या दशकात अमेरिकेत हौशी लोक मोडेम लावून एकमेकांच्या संगणकांवरून फाइली उतरवून घेत. फोनचं बिल मिनिटावर चढायचं, म्हणून फाइल लहान हवी. १९८५ साली थॉम हेंडरसन यांच्या ‘सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स’ कंपनीने ‘आर्क’ हा प्रोग्रॅम आणला. मिलवॉकीच्या फिल कॅट्झ यांनी त्याच फॉरमॅटसाठी ‘पीकेआर्क’ हा बराच वेगवान प्रोग्रॅम काढला. आपलाच कोड वापरला, असं म्हणत हेंडरसन यांच्या कंपनीने १९८८ मध्ये दावा लावला. तडजोड झाली, कॅट्झ यांना पैसे मोजावे लागले आणि ‘आर्क’चा नाद सोडावा लागला.

मग १९८९ मध्ये कॅट्झ यांनी नवा फॉरमॅट आणला, तोच झिप. त्याची रचना कशी आहे याचं टिपण त्यांनी सर्वांसाठी खुलं केलं. झिप वाचणारा किंवा बनवणारा प्रोग्रॅम कोणीही लिहावा, परवानगी नको, पैसे नकोत. आज फोनपासून सरकारी पोर्टलपर्यंत झिप चालते, ती या निर्णयामुळे. एखादी झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. बाकी सगळी गिचमीड, पण पहिली दोन अक्षरं वाचता येतात : पी आणि के. फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. वर्डची डॉक्सएक्स फाइल अशीच उघडली तरी तीच दोन अक्षरं भेटतील, कारण तीही आतून झिपच आहे. ई-पब पुस्तकं आणि अँड्रॉइडच्या एपीके फाइलीही तशाच. हे सगळं ज्यांच्यामुळे शक्य झालं ते कॅट्झ दारूच्या व्यसनात खचत गेले आणि एप्रिल २००० मध्ये वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी वारले, याची मला फार हळहळ वाटते.

फॉरमॅट बंदिस्त असला की काय होतं, तेही त्याच काळात दिसलं. युनिक्स संगणकांवरचा ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्रॅम आणि जिफ चित्रं दाबण्याच्या ज्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर चालत, तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. म्हणून १९९२ मध्ये ‘कॉम्प्रेस’ऐवजी जीझिप आलं, आणि पुढे जिफला पर्याय म्हणून पीएनजी. दोन्हींच्या पोटात झिपमधलीच, कॅट्झ यांची ‘डिफ्लेट’ ही दाबण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला आलं, तरी छपाईच्या धंद्यात पुढची काही वर्षं फ्लॉपीच चालली. पानं जुळवायच्या पेजमेकर प्रोग्रॅमची फाइल, चित्रं आणि सोबत फाँट, हे सगळं १.४४ एमबीत कसं मावणार? तुकडे करावे लागत. रॉबर्ट जंग यांचा एआरजे हा प्रोग्रॅम त्यात पटाईत होता, नंतर रार. ठाण्यातून नवी मुंबईतल्या तुर्भ्या-महाप्याच्या छापखान्यात फ्लॉप्या घेऊन जायचं म्हणजे बस बदलत जाणं; ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली २००४ मध्ये. पाचातली एक फ्लॉपी वाचली गेली नाही की सगळी खेप वाया. युजीन रोशाल यांच्या रारमध्ये बिघडलेला भाग दुरुस्त करता यावा म्हणून थोडी जादा माहिती भरून ठेवायची सोय होती, आणि तिच्यामुळेच रारवर लोकांचा जीव जडला.

पण रार बनवण्याचा हक्क रोशाल बंधूंकडेच राहिला. उघडण्याचा कोड मिळतो. त्यावरून बनवणारा प्रोग्रॅम लिहायला मात्र मनाई आहे. शिवाय विनरारची चाचणी ४० दिवसांची आहे. त्यानंतरही तो चालू राहतो, म्हणून कार्यालयांत तो फुकट समजून वापरला जातो. नियमाने त्याचा परवाना विकत घ्यायला हवा. सेव्हन-झिप १९९९ पासूनचं, इगोर पावलोव्ह यांचं, मुक्तस्रोत आणि कार्यालयातही मोफत. त्याचा सेव्हन-झेड फॉरमॅट मजकूर झिपपेक्षा जास्त दाबतो.

जुनाट फॉरमॅटचं ओझं किती महागात पडतं, ते २०१९ मध्ये कळलं. ‘एस’ नावाच्या, कोणी वापरत नसलेल्या फॉरमॅटसाठी विनरारमध्ये एक जुनी डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमची जोडफाइल, पडून होती. तिच्यातल्या दोषामुळे नुसती फाइल उघडताना संगणकात घातक प्रोग्रॅम शिरू शकत होता. दोष सुमारे १९ वर्षं तसाच होता. शेवटी विनरारने ‘एस’चा आधारच काढून टाकला. प्रोग्रॅम कोणताही घ्या, पण अद्ययावत ठेवा, आणि तो मूळ निर्मात्याच्या साइटवरूनच उतरवा.

मराठी माणसाला झिपने छळलं ते फाइलींच्या नावांवरून. मुळात झिपमधली नावं आयबीएम पीसीच्या जुन्या अक्षरसंचात लिहिली जात, त्यात देवनागरी नव्हतीच. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण २००६ मध्ये आली. विंडोजच्या अंगच्या सोयीला ती कळायला आणखी वेळ गेला. ‘संपादकीय’ नावाची फाइल समोरच्याकडे चौकोन आणि चित्रविचित्र रेघा होऊन उघडायची ती यामुळे. आता हे बहुतेक ठिकाणी सुटलं आहे, तरी छापखान्यात जाणाऱ्या फाइलींना आम्ही अजून रोमन नावंच देतो.

ऑक्टोबर २०२३ पासून विंडोज ११ रार आणि सेव्हन-झेड आपसूक उघडतं. म्हणजे आलेली फाइल नुसती बघायची असेल, तर वेगळं काही टाकायची गरज उरली नाही. दुसऱ्याला पाठवायची किंवा वर्षानुवर्षं जपायची असेल, तर झिप. मोठा मजकूर स्वतःकडे साठवायला सेव्हन-झेड. रार कोणी पाठवली तर उघडा, स्वतः बनवू नका.

पासवर्ड लावायचा असेल, तर सेव्हन-झिप टाकाच. झिपचं जुनं कुलूप कच्चं आहे. आतल्या एखाद्या फाइलचा थोडा मजकूर आधी ठाऊक असेल तर ते फोडता येतं, हे बिहाम आणि कोचर या संशोधकांनी १९९४ मध्येच दाखवलं. त्यामुळे त्यात एईएस-२५६ हा पक्क्या कुलपाचा पर्याय निवडा. दुसरी गोष्ट सोसायटीच्या सचिवांसाठी. झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं कोणालाही दिसतात. सभासदांच्या आधारच्या प्रती त्यांच्या नावाने आणि फ्लॅट नंबरने ठेवल्या असतील, तर ती अख्खी यादी उघडी राहते. सेव्हन-झेडमध्ये नावंही झाकायचा पर्याय आहे. त्यावर खूण करा आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा.