डबा लहान होतो, पाण्याचा थेंब होत नाही

४० फुटी बंद मालडबा १:८७ या प्रमाणात, म्हणजे मॉडेल रेल्वेतल्या लोकप्रिय एचओ स्केलमध्ये, जेमतेम १४ सेंटिमीटरचा होतो. रिव्हेट, शिड्या, ब्रेकचे पाइप सगळं त्याच हिशेबात आक्रसतं. खोक्यातून काढलेलं मॉडेल देखणं असतं, पण वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या खऱ्या मालवाघिणीसारखं दिसत नाही. म्हणून छांदिष्ट मंडळी त्याला रंगाने, पावडरने जुनं करतात. या कामाला वेदरिंग म्हणतात. त्यातली खरी अडचण अशी, की डबा ८७ पटींनी लहान झाला तरी पाणी, प्रकाश आणि आपला डोळा आहेत तेवढेच राहतात.

आधी खरी वाघीण पाहू. पोलादावरचा रंग कुठेतरी खरचटतो, तिथे पाणी आणि ऑक्सिजन पोचतात आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळे तो शेजारचा चांगला रंग खालून उचलतो, फोड येतो, पापुद्रा सुटतो आणि आणखी पोलाद उघडं पडतं. असा डाग कधीच एकरंगी नसतो. मध्ये जुना, घट्ट, गडद तपकिरी थर असतो, कडेला ताजा नारिंगी आणि खाली पावसाने ओढत नेलेली पिवळट रेघ. नारिंगी छटा मुख्यतः लेपिडोक्रोसाइटची, पिवळट तपकिरी गोथाइटची, काळपट मॅग्नेटाइटची. सगळी लोखंडाचीच संयुगं. ‘रस्ट’ असं लिहिलेली एकच बाटली सगळीकडे फासली, तर डबा गंजलेला न वाटता नारिंगी रंगवलेला वाटतो.

शिवाय सगळे डबे सारखे गंजत नाहीत. यू.एस. स्टीलने १९३३ मध्ये आणलेलं कॉर-टेन पोलाद सुरुवातीला मुख्यतः मालवाघिणींसाठीच वापरलं गेलं. त्यातल्या तांबं, क्रोमियम यांसारख्या घटकांमुळे गंजाचा थर दाट बसतो आणि पुढची झीज मंदावते. अशी वाघीण बऱ्यापैकी एकसारखी, जांभळट तपकिरी दिसते. याउलट जस्ताचा मुलामा दिलेल्या छतावर अल्किड, म्हणजे तेलापासून बनवलेला, रंग टिकत नाही. जस्त आणि रंगातलं तेल यांची अभिक्रिया होऊन मधल्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पत्र्यासारखा सुटून येतो. म्हणून जुन्या अमेरिकी बंद डब्यांच्या बाजू तपकिरी, पण छतावर रुपेरी मैदानात रंगाची बेटं उरलेली, असं दृश्य दिसतं. फोटो न बघता छतालाही बाजूंसारखाच गंज लावणारे पुष्कळ असतात.

आता डोळ्याचं गणित. चांगली नजर साधारण एक मिनिट कोनाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा ओळखते. अर्ध्या मीटरवरून तो ०.१५ मिलिमीटर भरतो. ८७ ने गुणलं, की मूळ वाघिणीवरचे जवळपास १३ मिलिमीटर. त्याहून बारीक ठिपके, ओरखडे, धुळीचे कण मॉडेलवर सुटे दिसायलाच नकोत, त्यांची फक्त मिसळलेली छटा दिसायला हवी. म्हणूनच अतिशय पातळ रंगाचा एक हात सगळ्या डब्यावर फिरवला, की निम्मं काम होतं. टोकदार ब्रशने काढलेले शंभर ठिपके मात्र ताटाएवढे गंजाचे गोळे वाटू शकतात.

मॉडेलवर रंग थोडे फिकट ठेवावेत, असा संकेत आहे आणि तो बरोबर आहे. पण त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण मला पटत नाही. अर्ध्या मीटरवरचं मॉडेल म्हणजे साधारण ४३ मीटरवरची खरी वाघीण, आणि मधल्या हवेमुळे रंग फिके पडतात, असं म्हणतात. स्वच्छ हवेत ४३ मीटरवर फिकेपणा नगण्य असतो. फरक पडतो तो उजेडाने. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, घरात काही शे. कमी उजेडात डोळ्याला रंगांचा जोर कमी जाणवतो आणि गडद रंग काळ्याकडे झुकतात. रंग हलका ठेवला, की ती कसर भरून निघते.

सगळ्यात जास्त छळतं ते पाणी. साधारण २.७ मिलिमीटरच्या खाली पाण्यावर गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाची सत्ता जास्त चालते. एचओ डब्यावर हे अंतर मूळ वाघिणीच्या २३ सेंटिमीटरएवढं आहे. त्यामुळे पाण्यात कालवलेला रंग डब्यावरून पावसासारखा ओघळत नाही. तो रिव्हेटभोवती गोळा होतो आणि वाळल्यावर गोल कडा सोडतो. म्हणून अनुभवी लोक ऑइल कलर आणि तो पातळ करायला व्हाइट स्पिरिट वापरतात, कारण स्पिरिटचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. ओघळ काढायचा तर पाण्याच्या भरवशावर राहायचं नाही. डागाच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याहून लहान असा बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, ठिपका ठेवायचा. चपटा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करायचा आणि वरून खाली, फक्त वरून खाली, ओढायचा. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत रंग एवढा पातळ होतो, की रेघ कुठे संपली ते सांगता येत नाही. तिथे थांबायचं.

पिगमेंट पावडरने धूळ छान दिसते, पण वर वार्निश मारलं की अर्धी गायब होते. ती उडून गेलेली नसते. कोरड्या कणांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि पावडर फिकी दिसते. वार्निश त्या फटी भरतं, विखुरणं कमी होतं. ओलं कापड गडद दिसतं, ते याच कारणाने. उपाय सोपा आहे: पावडर हवी त्यापेक्षा जास्त लावायची, किंवा वार्निश आधी मारून वर पावडर उघडीच ठेवायची आणि डबा कमी हाताळायचा.

डाग कुठे द्यायचे, हे वाघिणीचा दिनक्रम ठरवतो. ओल्या रुळांवरून चाकं चिखल उडवतात, म्हणून डब्याच्या टोकांवर चाकांच्या रेषेत दोन उभे पट्टे उमटतात. सिमेंटच्या वाघिणीवर झाकणांभोवती सांडलेलं सिमेंट पावसात घट्ट होऊन बसतं. पांढरी अक्षरं उन्हाने भुकटीसारखी होतात आणि पावसाबरोबर खाली ओघळतात. डब्याचा नंबर मात्र वाचता यावा म्हणून पुसलेला असतो, तेव्हा मळक्या बाजूवर तेवढाच चौकोन स्वच्छ ठेवला तर चालतं.

चाकांच्या बाहेरच्या बाजूला हवा तेवढा तपकिरी रंग द्यावा. रुळावर टेकणारा भाग सोडावा. खऱ्या गाडीत तो घासून चकचकीतच राहतो आणि मॉडेलमध्ये तर वीज रुळांतूनच येते. तिथे लागलेला रंग सुटून रुळांवर पसरतो आणि मग इंजिन अडखळत चालतं.