टॉर्च पॉझिटिव्ह आलं, म्हणजे काय?

दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. मग आर्वी असो की पुसद, कुणीतरी ‘टॉर्च’ लिहून देतं आणि कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे लॅबच्या काउंटरवर जातात. रिपोर्टात ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ ठळक छापून येतं. घरी सासू विचारते, “काऊन वं, रोग निघाला का?”

रोग निघालेला नसतो. टॉर्च म्हणजे टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि रुबेला, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), हर्पिस हे विषाणू यांच्या तपासण्यांचं गाठोडं. त्यात विषाणू कुणी शोधतच नाही. शोधतात ती त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत विषाणूची प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. रक्तातली प्रतिपिंडं तिथं अडकली तर शेवटी खळगा पिवळा होतो आणि यंत्र तो रंग मोजतं.

आयजीजी हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार; एकदा तयार झालं की वर्षानुवर्षं राहतं. सीएमव्ही तर आपल्याकडे बहुतेक बायांना लहानपणीच होऊन गेलेला असतो. २०१८च्या नोव्हेंबरापासून शाळाशाळांत गोवर-रुबेलाची लस टोचली. त्यातल्या मोठ्या मुली आता बाळंतपणाला माहेरी येताहेत. त्यांचं रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही आनंदाची गोष्ट, औषधं सुरू करायची नव्हे.

खरा घोळ आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाचा. ते ताज्या संसर्गाची खूण मानलं जातं, पण कधी महिनोन्‌महिने रेंगाळतं, कधी दुसऱ्याच आजारात खोटं पॉझिटिव्ह येतं. मग अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे आयजीजीची पकड किती घट्ट, ते तपासतात. खळगा युरियाच्या द्रावणानं धुतात. नवी आयजीजी प्रतिपिंडं सैल चिकटलेली असतात, ती धुऊन जातात. जुनी जागची हलत नाहीत. कोवळी पऱ्हाटी (कापसाचं झाड) दोन बोटांनी उपटते, उलंगवाडीनंतरचीला, म्हणजे वेचणी संपल्यावरचीला, चिमटा लागतो, तसंच. पहिल्या तिमाहीत पकड घट्ट निघाली, तर संसर्ग बहुधा दिवस जाण्याआधीचा. हे एका आकड्यानं कळत नाही, आणि सरसकट गर्भपातानंतर टॉर्च करण्याला तर शास्त्राचा आधारच नाही.

तपासणी लागते ती वेगळ्या वेळी: पहिल्या तीन महिन्यांत ताप येऊन अंगावर पुरळ उठलं, किंवा सोनोग्राफीत बाळात काही खटकलं तर. रुबेला याच काळात बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडवतो. सीएमव्ही बाळापर्यंत पोचला का, हे गर्भजलाच्या पीसीआरवर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीवर) कळतं, पण २१ आठवड्यांनंतर; बाळाच्या लघवीतून विषाणू गर्भजलात उतरायला वेळ लागतो. नागपूरला आधी धावून उपयोग नाही. जन्मानंतर बाळाची लाळ किंवा लघवी २१ दिवसांच्या आत तपासावी लागते. त्यानंतर सापडलेला विषाणू पोटातला की बाहेरचा, हे सांगता येत नाही.

या सगळ्यात हिपॅटायटिस बीची साधी तपासणी मात्र राहून जाते. बोटाच्या थेंबावर, पंधरा-वीस मिनिटांत कार्डावर रेघ दिसते, आणि ही खरोखर विषाणूचाच अंश पकडते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथं आशाताईला विचारून ही करून घ्यावी. पॉझिटिव्ह आली तर बाळाला २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. हे इंजेक्शन गावाच्या केंद्रात असेलच असं नाही. ते कुठं मिळेल, हे सातव्या महिन्यातच पक्कं करून त्याच दवाखान्यात बाळंतपण ठरवावं.