चित्र विकलं म्हणजे हक्कही विकले?

नोकरी सोडून चित्रांवर पोट भरायचं ठरवलं की एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘चित्र एकदा विकलं की चित्रकाराचा हक्क संपला, घेणारा ते कुठेही छापू शकतो.’

पटण्यासारखं आहे, कारण खुर्ची विकली की ती पूर्णच जाते. चित्राचं तसं नाही. समजा, तुम्ही 8 हजारांना एक कॅनव्हास विकला. घेणाऱ्याला तो भिंतीवर लावता येईल, भेट देता येईल, पुढे विकताही येईल. पण त्याच्या प्रती छापून कॅलेंडर काढायचं, तर ‘कॉपीराइट’ लागतो, आणि तो तुमच्याकडेच असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हा हक्क लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याला देता येतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते.

मात्र फॉरवर्ड अगदीच हवेतला नाही. कोणी पैसे देऊन मुद्दाम पोर्ट्रेट काढून घेतलं, तर वेगळं काही ठरलं नसल्यास कलम 17 नुसार पहिला मालक तो गिऱ्हाईकच. पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचंही साधारण तसंच. घोळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा.

पडताळणी सोपी आहे. ही दोन्ही कलमं (17, 19) आणि कॉपीराइट म्हणजे काय ते सांगणारं कलम 14 सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मग आपली जुनी बिलं काढा: चित्र तयार होतं की ऑर्डरचं? हक्क दिल्याचं कुठे लिहून सही केली आहे का? नुसतं ‘कॅनव्हास, 2 बाय 3 फूट, रु. 8,000’ असेल, तर गेला तो कॅनव्हासच.