कुरणाला आग हवी, आगीला गवत

अमेरिकेत ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही राज्यं मेक्सिकोच्या हद्दीला भिडतात, तिथे सुमारे आठ लाख एकरांचा गवताळ मुलूख आहे. तिथे माळ गिळत चाललंय ते मेस्किटचं काटेरी झुडूप. आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच भावकीतलं. 1880 च्या दशकात माळाला झेपणार नाहीत इतकी गुरं सोडली गेली. गवत संपलं तसे वणवेही थांबले, कारण वणवा पसरतो तो वाळलेल्या गवतावरूनच. पुढे सरकारनेही दिसेल तो वणवा विझवायचं धोरण धरलं. मेस्किटच्या शेंगा खाऊन गुरांनी शेणातून बी तर सगळीकडे पेरलंच होतं.

गवताचे वाढीचे कोंब जमिनीलगत असतात. पाती जळाली तरी पावसावर ते पुन्हा फुटतं. मेस्किटचं कोवळं रोप मात्र होरपळतं. मोठं झाड वरून जळलं तरी जमिनीखालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतं. त्यामुळे एकदा जाळून भागत नाही. नवी रोपं दांडगी व्हायच्या आत आग पुन्हा फिरवावी लागते.

एकट्या रँचरचं, म्हणजे मोठ्या माळावर गुरं पाळणाऱ्याचं, गणित फसतं ते इथेच. आग सलग पसरायची तर गवत दाट हवं, म्हणजे आधी निदान एक पावसाळा तो पट्टा चरू द्यायचा नाही. जळल्यावरही तेच. कोवळे फुटवे गुरांना फार आवडतात, आणि मुळांतला साठा खर्ची पडलेला असतानाच ते ओरबाडले गेले तर गवत कायमचं खचतं. तोवर गुरं ठेवायची कुठे? विकली तर त्याच माळाला सरावलेला कळप मोडला.

1994 मध्ये इथल्या रँचरांनी मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप स्थापला आणि 'ग्रासबँक', म्हणजे गवताची बँक, सुरू केली. इथलीच तीन लाख एकरांहून मोठी ग्रे रँच ॲनिमस फाउंडेशन या संस्थेच्या ताब्यात आहे. तिथे शेजाऱ्याची गुरं चरायला घेतात. चाऱ्याचे पैसे घेत नाहीत. त्या बदल्यात रँचर तेवढ्याच किमतीचा एक हक्क कायमचा सोडून देतो: आपल्या जमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकण्याचा. मालकी त्याचीच राहते, गुरंही तोच पाळतो. करारात एक शहाणपणाचं कलम आहे. सरकारी जमिनीवरचा चराईहक्क रँचरची चूक नसताना गेला, तर हे बंधन सुटू शकतं. त्या चराईशिवाय नुसत्या खासगी जमिनीवर धंदा चालत नाही, हे ठाऊक असणाऱ्यांनीच ते घातलंय.

आग लावणं त्याहून किचकट. जमीन खासगी, राज्याची, केंद्राची अशी तुकड्यातुकड्यांत. आगीला कुंपणं कळत नाहीत, परवानग्या मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. शिवाय डोंगरात एक दुर्मीळ खुळखुळ्या साप आणि वटवाघळांना मकरंद देणारी अगेव्ह ही घायपातीसारखी झाडं, त्यांनाही आगीपासून जपायचं. 1995 मध्ये मुद्दाम लावलेली बेकर आग सुमारे 6,000 एकरांवर झाली. सुमारे 46,000 एकरांची दुसरी बेकर आग थेट 2003 मध्ये.

ग्रासबँकेची खरी अडचण दुष्काळाची. पाऊस हुकतो तो सगळ्यांचाच, ग्रे रँचचाही. नेमकी गरज पडते तेव्हा तिथेही गवत नसतं. अशा वेळी कळप लवकर कमी करणं एवढंच हाती उरतं. पाऊस येईल म्हणून थांबलेल्याला पडत्या भावात विकावं लागतं, आणि तोवर माळही खरवडला गेलेला असतो.