व्हिडिओ वॉल

अनेक पडदे एकमेकांना खेटून बसवून त्यांवर एकच विशाल चित्र किंवा अनेक स्वतंत्र चित्रे दाखवणाऱ्या यंत्रणेस व्हिडिओ वॉल म्हणतात. नियंत्रण कक्षात तिचा उपयोग सर्वांना एकाच वेळी एकच परिस्थिती दिसावी एवढ्यासाठी असतो. प्रत्यक्ष काम ऑपरेटर आपल्या टेबलावरील संगणकावरच करतात.

वॉलचा प्रकार चित्राच्या स्वरूपावर ठरतो. नागपुरात अंबाझरी येथे वीज भारप्रेषणाचे, म्हणजे वीजनिर्मिती आणि मागणी यांचा मेळ राखणारे, विभागीय केंद्र आहे. अशा केंद्रात वाहिन्या आणि उपकेंद्रांचा तोच आराखडा रात्रंदिवस दाखवावा लागतो, बदलतात ते फक्त त्यावरील आकडे, उदाहरणार्थ ५० हर्ट्झच्या आसपास राहणारी विजेची वारंवारता. स्थिर चित्राची छाया एलसीडी पॅनेलवर उमटून राहू शकते. सूक्ष्म आरशांच्या साहाय्याने पडद्यावर मागून प्रकाश टाकणाऱ्या पेटीत, म्हणजे डीएलपी क्यूबमध्ये, हा दोष नसल्याने वीज क्षेत्रात ते दीर्घकाळ पसंतीचे राहिले. एलसीडीत दोन पॅनेलांमधली काळी पट्टी, म्हणजे बेझल, ३.५ मिलिमीटरवरून एका मिलिमीटरच्याही खाली आली आहे. स्वयंप्रकाशी ठिपक्यांच्या एलईडी वॉलला बेझल नसतो. तेथे शेजारच्या दोन ठिपक्यांच्या केंद्रांमधील अंतर, म्हणजे पिक्सेल पिच, महत्त्वाचे ठरते. दीड मिलिमीटर पिचचे ठिपके सामान्य दृष्टीला सुमारे पाच मीटरवरून एकसंध दिसतात. पहिली रांग तीन मीटरवर बसणार असेल, तर पिच एक मिलिमीटरहून कमी हवा. पडद्यापासून पहिल्या रांगेचे अंतर न मोजता लहानात लहान पिच मागणे हा निव्वळ खर्च होय.

नागपूर शहरातील साडेतीन हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचे चित्रण पाहणारे महानगरपालिकेचे केंद्र सिव्हिल लाइन्समध्ये आहे. समजा, ५५ इंची नऊ फुल एचडी (प्रत्येकी १९२० गुणिले १०८० पिक्सेल, म्हणजे ठिपके) पॅनेलांच्या वॉलवर हे सारे कॅमेरे एकदम लावले. एकूण १,८६,६२,४०० पिक्सेलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ९७ गुणिले ५५ पिक्सेल, म्हणजे जेमतेम आगपेटीएवढे चित्र येईल आणि त्यात गाडीचा क्रमांक वाचणे अशक्यच. म्हणून वॉलपेक्षा तिचा कंट्रोलर मोलाचा असतो. डिकोडर कॅमेऱ्याकडून संकुचित (कॉम्प्रेस) करून आलेले चित्रण उलगडतो, कंट्रोलर त्याची चौकट हव्या त्या जागी व आकारात मांडतो, आणि आधी जतन केलेली मांडणी, म्हणजे प्रीसेट, एका कळीवर बदलते. सिग्नल बंद पडणे किंवा पुराची सूचना मिळणे अशा प्रसंगी संबंधित चौकातील दृश्य आपोआप पुढे यावे, यासाठी कंट्रोलर इशारा प्रणालीशी जोडतात. निविदांत पडद्यांच्या वर्णनाला पानेच्या पाने जातात आणि ही जोडणी दोन ओळींत उरकली जाते, हे उलटे आहे.

यंत्रणा चोवीस तास चालणारी असल्याने राखीव कंट्रोलर, दुहेरी वीजपुरवठा आणि यूपीएस आवश्यक असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात वातानुकूलनही राखीव ठेवावे लागते. उष्णतेने एलईडीची चमक लवकर उतरते. कक्षाची रचना, आसने आणि पडद्यांची उंची यांसाठी आयएसओ ११०६४ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आधारभूत मानली जाते.