डोंगल परत पाठवण्याआधी: सॅम्पल रेट आणि रिसेप्शनच्या तक्रारी

आमच्याकडून आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) घेतलेल्या ग्राहकांसाठी

‘डेटा नीट येत नाही’ ही तक्रार आमच्याकडे सर्रास येते. त्या एका वाक्यात दोन वेगळे बिघाड असू शकतात. एक तर सिग्नल अँटेनाकडून डोंगलपर्यंत धड पोचत नाही. नाहीतर सिग्नल उत्तम असतो, पण डोंगलने संगणकाकडे पाठवलेली सॅम्पल्स, म्हणजे सिग्नलची आकड्यांतली मोजमापे, वाटेतच गळतात. दर सेकंदाला अशी किती सॅम्पल्स घ्यायची तो सॅम्पल रेट. पहिल्या बिघाडावर रेट बदलून फारसे काही होत नाही आणि दुसऱ्यावर महागडा अँटेना घेऊन काहीच होत नाही. तेव्हा आधी गळती तपासा. ती तपासायला पैसे लागत नाहीत.

गळती आहे का?

अँटेना नसला तरी चालेल. आरटीएल_टेस्ट ही आज्ञा 2400000 रेट देऊन (rtl_test -s 2400000) पाच मिनिटे चालवा. सुरुवातीला एकदाच थोडे बाइट हरवल्याची ओळ आली तर सोडून द्या. तशा ओळी येतच राहिल्या तर दोष यूएसबीच्या वाटेवर आहे.

डोंगलमधली आरटीएल2832यू चिप प्रत्येक सॅम्पलमागे दोन बाइट पाठवते. सेकंदाला 24 लाख सॅम्पल्स म्हणजे 4.8 मेगाबाइट. यूएसबी 2.0 ला हे ओझे नाही, पण त्याच हबवर हार्डडिस्क आणि वेबकॅमही बसले असतील तर गोष्ट वेगळी. रास्पबेरी पाय 3 आणि त्याआधीच्या मॉडेल्समध्ये तर नेटवर्कची केबल आणि सगळे यूएसबी पोर्ट एकाच वाटेने जातात. डोंगल थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावून चाचणी पुन्हा करा. बहुतेकदा तक्रार इथेच मिटते.

चिपच्या माहितीत सेकंदाला 3.2 मेगासॅम्पल, म्हणजे 32 लाखांचा आकडा दिसतो. तो कागदावरचा समजा, 2.4 च्या पुढे भरवसा धरू नका. आणखी एक खोच आहे: चिप साधारण 2.25 ते 3 लाख आणि 9 ते 32 लाख या दोनच पट्ट्यांत चालते. पाच लाखांचा रेट मागितला तर ती नकार देते, म्हणून डोंगल बिघडला असे होत नाही.

किती रेट ठेवायचा?

रेट वाढवला की रिसेप्शन सुधारते, हा समज काढून टाका. रेटमुळे एका वेळी दिसणारा पट्टा रुंद होतो, इतकेच. 433.92 मेगाहर्ट्झवरच्या हवामान सेन्सरला अडीच लाख पुरतात. विमानांच्या 1090 मेगाहर्ट्झच्या सिग्नलला मात्र काटकसर चालत नाही: तिथला स्पंद अर्ध्या मायक्रोसेकंदाचा असतो, त्यामुळे 20 किंवा 24 लाखच लागतात.

ग्नू रेडिओ (ब्लॉक जोडून रेडिओ बनवायचे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी रेटचा भागाकार आधी कागदावर करावा. 24 लाखांना 10 ने आणि मग 5 ने भागले की बरोबर 48 हजार उरतात, साउंडकार्डला हवे तेवढे. 20.48 लाखांना असा पूर्ण भाग जात नाही. तिथे रेट बदलणारा रिसॅम्पलर ब्लॉक घालावा लागतो. खिडकीत ‘ओ’ (O) अक्षर उमटत राहिले तर संगणक मागे पडतो आहे, ‘एयू’ (aU) उमटले तर साउंडकार्ड उपाशी आहे. डोंगल जोडलेला असताना वेगाला लगाम घालणारा थ्रॉटल ब्लॉक ठेवू नका. वेग डोंगलच ठरवतो.

‘एफएम छान वाजते, उपग्रहाचे चित्र मात्र येत नाही’

हे आम्ही इतक्यांदा ऐकतो की त्यावर थोडे जास्त लिहितो. पुण्यात 101.0 किंवा मुंबईत 100.7 स्वच्छ वाजले, म्हणजे डोंगल जिवंत आहे एवढेच कळते. गळालेल्या सॅम्पल्समुळे गाण्यात बारीकशी टिक ऐकू येते, कानाला ती खपते. डिजिटल सिग्नलचा डिकोडर मात्र तिथेच लय चुकतो आणि चित्रातली अख्खी पट्टी जाते.

डोंगलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलचेही तसेच. साध्या डोंगलमध्ये 50 पीपीएमची (दहा लाखांत 50 भाग) चूक असू शकते. 100 मेगाहर्ट्झवर ती 5 किलोहर्ट्झ होते आणि रुंद एफएममध्ये कळतही नाही. अरुंद सिग्नलवर मात्र तेवढ्याने स्टेशन हुकते. टीसीएक्सओ (तापमानाची चूक भरून काढणारा क्रिस्टल) असलेल्या डोंगलमध्ये ही चूक साधारण 1 पीपीएमवर येते. बाकीच्यांनी डोंगल अर्धा तास तापू द्यावा, मग सॉफ्टवेअरमध्ये भरायचा पीपीएमचा आकडा ठरवावा.

आणि नोआ-15, 18 व 19 हे अमेरिकेचे हवामान उपग्रह शोधत असाल तर थांबा. तिन्ही उपग्रह 2025 च्या ऑगस्टपर्यंत बंद झाले. जुने व्हिडिओ पाहून त्यांच्यासाठी आजही विचारणा होते. आता 137.1 आणि 137.9 मेगाहर्ट्झवर रशियाचे मेटिओर-एम हवामान उपग्रह पाहावेत. त्यांच्यासाठी अँटेना म्हणून साधारण 53 सेंटिमीटरच्या दोन दांड्या 120 अंशांत आडव्या, मोकळ्या आकाशाखाली पुरतात. बाल्कनीच्या ग्रिलला बांधलेल्या अँटेनाकडून अपेक्षा ठेवू नका.

सिग्नलच कमी असेल तर

आपोआप गेन (सिग्नल किती मोठा करायचा ती सेटिंग) बंद करा आणि शून्यापासून एकेक पायरी वाढवा. पडद्यावरच्या आलेखात सिग्नलचे शिखर आणि तळाची खरखर यांतले अंतर वाढते आहे तोवर पुढे जा. दोन्ही सारखेच वर चढू लागले की एक पायरी मागे या. शहरात गेन टोकाला नेला की भलत्याच ठिकाणी एफएमची भुते, म्हणजे तिथे नसलेली स्टेशने, दिसू लागतात. तेव्हा एफएम रोखणारा फिल्टर लावावा. आम्ही तो विकतो, पण आधी गेन कमी करून पाहा.

1090 वर आरजी-58 केबल दहा मीटरला सुमारे 6 डेसिबल खाते, म्हणजे चौथाई सिग्नल उरतो. केबल छोटी ठेवा आणि लांबी यूएसबीच्या बाजूने वाढवा, पण तीही चांगल्या प्रतीच्या केबलने. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक बंद करून खरखर कुठे पडते ते पाहा. अनेकदा गुन्हेगार लॅपटॉपचाच चार्जर निघतो.

मध्यम लहरींची आकाशवाणी केंद्रे साध्या डोंगलवर मिळत नाहीत, कारण त्याचा ट्यूनर साधारण 24 मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. त्यासाठी डायरेक्ट सॅम्पलिंग (ट्यूनर वगळून सिग्नल थेट चिपला देणे) किंवा सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा अपकन्व्हर्टर लागतो.

गच्चीवरचा अँटेना वळवाच्या ढगांआधी काढून ठेवा. वीज थेट अँटेनावर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी डोंगल जातो.

एवढे करूनही अडले तर आरटीएल_टेस्टमधल्या ओळी, वॉटरफॉलचा (वेळेनुसार खाली सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्राचा) स्क्रीनशॉट, रेट, गेन, केबलचा प्रकार आणि लांबी एकत्र पाठवा. नुसते ‘चालत नाही’ एवढेच कळवले तर आम्हाला हेच सगळे परत विचारावे लागते.